मतदाराचे ओळखपत्र आणि गरिबाचा खाडा

मतदानास आलेल्या मनुष्याने छायाचित्र असलेला एखादा अधिकृत कागद दाखवून आपली ओळख पटवावी, हा नियम आपल्या देशात आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र याच नियमावरून अद्याप मोठा वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, तोतया मतदारास रोखण्याचा याहून सोपा उपाय नाही. दुसरा म्हणतो, गरिबाच्या वाटेत हा नवा अडसर घातला जात आहे. आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हा विषय वादविवादासाठी घेतला, तेव्हा बहुतेक वक्त्यांनी एका वाक्यात निकाल देऊन टाकला: कार्ड फुकट मिळते, मग त्रास कसला? हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धे आहे असे आम्हांस वाटते. उरलेले अर्धे कोठे दडले आहे, ते पाहण्याचा आज विचार आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ओळखपत्र म्हणजे मताचा हक्क नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे ज्याचे नाव मतदारसंघाच्या यादीत आहे तो मत देऊ शकतो, आणि ज्याचे नाव नाही तो देऊ शकत नाही. कार्ड हे केवळ 'यादीतला तो मीच' हे दाखविण्याचे साधन होय. एप्रिल १९४७ नव्हे, एप्रिल २०१४ ची गोष्ट आहे: लोकसभेच्या निवडणुकीत पुणे आणि मुंबई येथे हजारो सुशिक्षित माणसे खिशात कार्ड घेऊन केंद्रावर गेली आणि यादीत नाव नाही म्हणून परत आली. त्यांत नामांकित मंडळीही असल्याने वृत्तपत्रांत ओरड झाली, आणि निवडणूक आयोगाच्या एका आयुक्तांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. उलट बाजूस, यादीत नाव आहे पण कार्ड हरवले आहे, असा मनुष्य दुसरा कागद दाखवून मत देऊ शकतो. ७ मे २०२४ रोजी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मतदान झाले, त्या वेळी कार्डाऐवजी चालणारे कागद एकूण बारा होते. आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्र लावलेले बँकेचे किंवा टपाल कचेरीचे पासबुक, वाहन चालविण्याचा परवाना, पॅनकार्ड, पारपत्र, निवृत्तिवेतनाचा कागद, अपंगांचे ओळखपत्र, सरकारी नोकरांचे ओळखपत्र इत्यादी त्यांत येतात. आमदार-खासदारांस मिळणारे ओळखपत्रही त्या बारांत आहे.

यादी लांब आहे यात शंका नाही. पण ती वाचताना विद्यार्थ्यांनी स्वतःस एक प्रश्न विचारावा: रोजावर जाणाऱ्या मनुष्याच्या पत्र्याच्या पेटीत यांतील कोणते कागद सापडतील? पारपत्र नाही, पॅनकार्ड बहुधा नाही, निवृत्तिवेतन कोठून असणार! राहिले आधार, जॉबकार्ड आणि पासबुक. बारांपैकी तीन म्हणजे वाईट नव्हे, एकसुद्धा पुरे होतो. पूर्वी मतदाराच्या घरी पोहोचविली जाणारी छायाचित्राची चिठ्ठीसुद्धा ओळख म्हणून चालत असे. ती अगदी शेवटच्या दिवसांत छापली जाते आणि तिच्यात बनावट ओळखण्याची सोय नाही, या कारणास्तव २०१९ पासून नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. कारण सयुक्तिक होते. तथापि जो एकच कागद सरकार आपण होऊन दारात आणून देत असे, तोच गेला.

आता थोडे मागे वळू. इंग्रजी अमदानीत मताचा हक्क फार थोड्यांस होता. किती सारा भरतो, केवढे घर आहे, किती शिकला आहे, यांवर मत अवलंबून असे. म्हणजे त्या काळी गरिबाने ओळख पटविण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गरीब असणे हीच त्याची अपात्रता होती. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य वर्गासाठी मताची अट खाली आणावी असे मांडले, आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाचीच मागणी केली. त्यांच्या घराण्याचे गाव आंबडवे हे आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे, हे आमच्या मुलांस ठाऊक असेलच. पुढे घटनेने एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषास मत दिले. वयाची ही मर्यादा १९८९ पासून अठरावर आली.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते, आणि त्यांतील बहुसंख्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. छायाचित्र तर दूरच, पुष्कळांपाशी स्वतःच्या नावाचा एकही कागद नव्हता. मग ओळख कशी पटविली? गावाने ओळखले. केंद्राध्यक्षास मतदार ओळखण्यासाठी गावची माणसे मदतीस घेता येतात, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतातच. एखाद्याची शंका आली तर प्रतिनिधीने दोन रुपये ठेवून आक्षेप घ्यावा, अशी तरतूद १९६१ च्या नियमांत आहे. शिवाय बोटास न पुसणारी शाई. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. आम्हांस या शाईचे फार कौतुक वाटते. तिला अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही, झेरॉक्स लागत नाही. श्रीमंताच्या बोटावर जेवढी चढते तेवढीच गरिबाच्या.

मात्र त्याच पहिल्या निवडणुकीत एक अडचण उभी राहिली, आणि ती आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. यादी करणाऱ्या लोकांस कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. ही गोष्ट विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत घडली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरविले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. सेन यांचे म्हणणे योग्यच होते. मत ज्याचे त्याचे असते, ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर कसे मांडावे? पण योग्य नियमाचा दंड त्या निवडणुकीपुरता त्या स्त्रियांनीच भरला, हेही तितकेच खरे. पुढच्या निवडणुकीपर्यंत लोकांस समजावून यातील पुष्कळ नावे भरून काढण्यात आली.

छायाचित्राची कल्पना त्यानंतरची. १९६० साली कलकत्त्याच्या नैर्ऋत्य मतदारसंघात पोटनिवडणुकीच्या निमित्ताने प्रत्येक मतदारास छायाचित्राचे ओळखपत्र देण्याचा प्रयोग झाला. महिनोन्महिने खटपट करूनही पुष्कळ मतदार छायाचित्रावाचून राहिले. कित्येक स्त्रिया छायाचित्र काढू देईनात, आणि कित्येक मतदार घरी सापडेनात. प्रयोग सोडून द्यावा लागला. नंतर १९९३ च्या ऑगस्टमध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी देशभर अशी पत्रे देण्याचा हुकूम काढला, आणि १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रावाचून निवडणूक घेणार नाही असे बजावले. काम तेवढ्या मुदतीत पुरे होणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी १९९५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा कार्ड नसलेल्यांनीही मत दिले. शेषन यांचा कडकपणा पुष्कळ कामी आला. पण सरकारने वेळेवर कार्ड दिले नाही म्हणून मतदाराचे मत बुडावे, हा न्याय उलटा झाला असता.

एवढा इतिहास पुरे. आता हातखंब्यास येऊ.

मुंबई-गोवा महामार्गावर जेथून रत्नागिरी शहराचा फाटा फुटतो तो हातखंब्याचा तिठा सर्वांच्या परिचयाचा आहे. तिठ्यावर उभे राहिले की गाड्यांस तोटा नाही, आणि शहर काही फार लांब नाही. तेव्हा येथे राहणाऱ्यास कचेरी गाठणे अवघड आहे असे कोणी म्हणणार नाही. मार्च २०२३ पासून स्त्रियांस एसटीचे अर्धेच भाडे पडते, आणि पंचाहत्तरीपलीकडच्या वृद्धांस त्याच्या आदल्या वर्षापासून काहीच पडत नाही. पण तिठा म्हणजे सगळा मुलूख नव्हे. सडा उतरून, पऱ्या ओलांडून ज्या वाड्यांतून माणसे तिठ्यावर येतात, तेथून सकाळची गाडी धरावयाची तर पहाटे निघावे लागते. आणि गाडीभाडे हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे खाडा. पगारी मनुष्य रजा टाकून कचेरीत जातो, त्याचा पगार चालू राहतो. रोजंदारीचा मनुष्य खाडा करतो, त्या दिवशी त्याच्या घरी मजुरी येत नाही. आंब्याच्या दिवसांत, म्हणजे लोकसभेची निवडणूक बहुधा जेव्हा येते नेमकी तेव्हा, बागेतला किंवा पेट्या भरण्यातला एक खाडा पावसाळ्यात जाणवतो.

आमच्या परिचयाच्या एका बाईची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. काजूच्या कारखान्यात बिया सोलून किलोमागे मिळेल ती मजुरी घेणारी ही बाई. नमुना ६ म्हणजे नव्या मतदाराचा अर्ज भरावा म्हणून ती एका कचेरीत गेली. कचेरीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला पाहिला आणि शिधापत्रिका पाहिली. एकावर माहेरचे नाव, दुसरीवर सासरचे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यात ठेवलेले नावही पुष्कळ घरांत बदलतात, हे कारकुनास ठाऊक नव्हते असे नाही. तोही याच मुलखातला. पण 'दोन्ही नावे एकाच बाईची हे लेखी आणा' असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती ग्रामसेवकाकडे गेली, तर त्याचा त्या दिवशी दुसऱ्या गावी फेरा होता. तिसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र लिहून घेतले, त्याचे लिहिणावळ द्यावी लागली. चौथ्या दिवशी कचेरीत गेली तर सर्व्हर बंद. असे चार खाडे. पाचवी खेप तिने केलीच नाही. कार्ड फुकटच होते. तिला त्याची किंमत चार दिवसांची मजुरी पडली, आणि कार्ड काही मिळाले नाही.

या हकीकतीत ध्यानात घेण्याजोगे पुढेच आहे. कायद्याने तिला यांतील एकही खेप करावयास लावली नव्हती. तिच्या वाडीस नेमलेली मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, जिला सगळे बी.एल.ओ. म्हणतात, ती तिच्याच वाडीतील अंगणवाडीची सेविका होती. अर्ज तिच्यापाशी देता आला असता. ती बाईस लहानपणापासून नव्हे तरी लग्न होऊन आली त्या दिवसापासून ओळखत होती, आणि दोन नावांची बाई एकच हे सांगावयास तिला प्रतिज्ञापत्र नको होते. ही गोष्ट बाईस कोणी सांगितली नाही. कारकुनाने तर नाहीच. तिला आता ती कळली आहे आणि अर्ज गेला आहे. पण मधली एक निवडणूक गेली ती गेलीच.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, ओळखपत्र मिळविणे गरिबास जाच आहे की नाही, याचे उत्तर कार्डात नाही. ते चालावे कोणी, या प्रश्नात आहे. मतदार कचेरीकडे चालू लागला तर प्रत्येक पावलास त्याची मजुरी जाते, आणि जो जितका गरीब त्याची तितकी अधिक पावले पडतात. कचेरी मतदाराकडे चालत आली तर तेच कार्ड, तोच नियम, त्याच अटी असूनही त्याचे काही जात नाही.

आपल्या कायद्यात व रिवाजात या दुसऱ्या रीतीची उत्तम उदाहरणे आहेत, आणि ती सांगितल्यावाचून राहणे अन्यायाचे होईल. मतदाराला मत देण्यासाठी दोन किलोमीटरांहून अधिक जावे लागू नये असा आयोगाचा दंडक आहे. गुजराथेत गीरच्या अरण्यात बाणेज येथे एकाच मतदारासाठी केंद्र उभारण्यात येते, हे प्रसिद्धच आहे. २०२४ साली पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांस आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांस घरी बसून मत देण्याची मुभा होती. आणि सर्वांत सुंदर नियम बेघरांचा आहे. ज्यास घर नाही त्याच्याकडे पत्त्याचा दाखला कसा मागणार? तेव्हा त्याने अर्जात जी जागा लिहिली असेल तेथे अधिकाऱ्याने रात्री जावे, तो मनुष्य तेथे खरोखर निजतो काय हे डोळ्यांनी पाहावे, आणि तसे दिसले तर कागदावाचून नाव नोंदावे. पुलाखाली निजलेल्या माणसाकडे सरकार रात्री कंदील घेऊन जाते, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्येक ठिकाणी तसे घडते असे आम्ही म्हणत नाही, पण नियम तसा आहे, आणि ज्यास तो ठाऊक आहे त्यास तो मागता येतो.

बी.एल.ओ.च्या कामाविषयी आमचे शिक्षकबंधू नेहमी कुरकुर करतात, आणि त्यांचे म्हणणे वावगे नाही. मुलांस वाऱ्यावर सोडून याद्या करीत हिंडावे काय? दिल्लीच्या सेंट मेरीज स्कूलच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की, यादीचे काम शिक्षकांस सुट्टीच्या दिवशी व शाळेच्या वेळेबाहेरच द्यावे. हे योग्यच. तरीही आम्हांस वाटते की घरोघर हिंडण्याच्या कामास शिक्षक किंवा अंगणवाडीची सेविका यांच्याएवढे लायक कोणी नाही, कारण कोणत्या घरात कोण आहे हे तिसऱ्या कोणास इतके ठाऊक नसते.

वयाचा दाखला ही दुसरी खिंड. येथे शिक्षकवर्गाची एक जुनी करामत उघड करावीशी वाटते. महाराष्ट्रात एक जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या इतकी का आहे, याचे नवल परप्रांतीयांस वाटते. बाप मुलाचा हात धरून शाळेत आला, जन्मदिवस विचारला तर 'होळीच्या आधी', 'मोठा पूर आला त्या साली' असे उत्तर आले. मग गुरुजींनी वर्षाचा अंदाज करून १ जून लिहिले, कारण जूनमध्ये शाळा सुरू होते. ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीमुळे हा घोटाळा थोडा कमी झाला, एवढेच. तो १ जून पुढे आयुष्यभर त्या मनुष्याचा जन्मदिवस होऊन बसला. ज्याने शाळेचे तोंडच पाहिले नाही त्यास तो कल्पित जन्मदिवसही लाभला नाही, आणि आज दाखल्याच्या खिडकीपुढे अडतो तो नेमका हाच मनुष्य.

तिसरी अडचण ठिकाणाची. कोकणात घरटी एखादा तरी माणूस मुंबईस आहे. २०११ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, याचे मुख्य कारण हेच. हा चाकरमानी मत कोठे देणार? कायदा म्हणतो, जेथे तो सामान्यतः राहतो तेथे. गावी घर आहे एवढ्याने भागत नाही, आणि काही दिवस बाहेर गेल्याने तेथला हक्क जातही नाही. सुशिक्षित चाकरमानी नमुना ८ भरून नाव हलवितो. पण हंगामी मजुरांचे काय? आपल्याच जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर व वीटभट्ट्यांवर महिनोन्महिने बाहेर असतात. कर्नाटकातून चिऱ्याच्या खाणींवर आणि रस्त्याच्या कामांवर येणारे मजूर वर्षातून दोनतीन जिल्हे पालटतात. यादी तपासणारा घरी आला त्या दिवशी घरास कुलूप, म्हणजे 'स्थलांतरित' असा शेरा बसण्याचे भय. कातकऱ्यांच्या तर मागच्या पिढ्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या सावलीत वाढलेल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सरकारी वही घेऊन कोणी झोपडीपुढे उभा राहिला तर नाव सांगावे की रानात जावे, असा प्रश्न त्यांच्या वडिलांस पडत असेल तर त्यांस हसू नये.

कागद मागण्याने काय होऊ शकते, याचा धडा मुंबईने एकदा घेतला आहे. १९९४ च्या सुमारास मुंबई व दिल्ली येथे यादीत आधीच नाव असलेल्या हजारो लोकांस, विशेषतः झोपडपट्ट्यांतील, तुम्ही भारताचे नागरिक आहात हे सिद्ध करा अशा नोटिसा आल्या. पुरावा म्हणून जन्माचा दाखला, पारपत्र किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, असे मोजके कागद तेवढे चालतील असे सांगण्यात आले. लालबाबू हुसेन यांच्या दाव्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नोटिसांवरील कारवाई रद्द केली, आणि ज्याचे नाव यादीत आहे त्याचे नाव काढण्यापूर्वी त्यास रीतसर म्हणणे मांडू द्यावे, त्याने दिलेला कोणताही पुरावा पाहावा, पूर्वी नोंद झाली होती या गोष्टीस वजन द्यावे, असे ठरविले. तीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, बिहारात आयोगाने याद्यांची विशेष फेरतपासणी काढली. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांसाठी जे अकरा कागद सांगितले, त्यांत आधार नव्हते, शिधापत्रिका नव्हती, आणि आयोगाने स्वतः दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! ऑगस्टच्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावे गेली. मृत, गाव सोडून गेलेले व दुबार नोंदलेले असे हे लोक आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते; न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करावयास लावली, आणि सप्टेंबरमध्ये ओळखीसाठी आधार हा बारावा कागद धरावा असे सांगितले. यादी शुद्ध करणे आयोगाचे कर्तव्य आहे, याविषयी आमचा वाद नाही. पण यांपैकी कोणते कागद पेटीत निघतात, हा वर विचारलेला प्रश्न कागदांची यादी करणाऱ्यांनी प्रथम विचारावयास हवा.

परदेशांतही खडा येथेच लागतो. इंग्लंडात मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच छायाचित्राची सक्ती झाली. नसलेल्यांस फुकट प्रमाणपत्राची सोय होती. तरी सुमारे चौदा हजार लोक केंद्रावरून मत न देता परत गेले, असे तेथील निवडणूक आयोगाने नमूद केले. टक्केवारीने ही संख्या अगदी लहान आहे. वृद्धांचा बसचा पास तेथे चालतो, तरुणांचा चालत नाही, ही गंमत वेगळीच. अमेरिकेत इंडियाना संस्थानच्या २००५ च्या अशाच कायद्यास तेथील वरिष्ठ न्यायालयाने २००८ साली सहा विरुद्ध तीन मतांनी मान्यता दिली. तेथेही ओळखपत्र फुकट होते, पण त्यासाठी लागणारा जन्माचा दाखला फुकट नव्हता. काजू सोलणारी आमची बाई हा मुद्दा त्या न्यायाधीशांस चटकन समजावून देऊ शकली असती.

दुसऱ्या पक्षासही न्याय दिला पाहिजे. तोतया मतदान कोणाच्या नावावर होते? जो हजर नाही त्याच्या. आणि हजर कोण नसतो? मुंबईस गेलेला, भट्टीवर गेलेला, आजारी पडलेला, ज्याच्या वतीने आक्षेप घ्यावयास प्रतिनिधी उठत नाही तो. संध्याकाळी धावत-पळत केंद्रावर यावे आणि 'तुमचे मत होऊन गेले' असे ऐकावे, हा अपमान श्रीमंतापेक्षा गरिबाच्या वाट्यास अधिक येण्यासारखा आहे. तेथे छायाचित्र त्याचाच कैवार घेते. शिवाय बँकेत, दवाखान्यात, लांबच्या शहरी कामास गेल्यावर 'तू कोण' या प्रश्नास उत्तर म्हणून हे कार्ड त्याच्या उपयोगी पडते. गावातल्या तोंडओळखीचा आम्ही वर गौरव केला खरा, पण तोंडओळख ही गावकीच्या हातात असते, आणि गावकी सगळ्यांस सारख्याच डोळ्यांनी पाहते असा अनुभव खालच्या वाडीचा नाही. कार्ड मात्र वाडी पाहत नाही. म्हणूनच कार्ड नको असे आम्ही म्हणत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस सतरा वर्षे पुरी झाली आहेत त्यांनी २०२२ पासून मिळालेल्या सवलतीचा फायदा घेऊन आगाऊ अर्ज करावा. अठरावे सरण्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरली जाते. आपला अर्ज झाल्यावर शेजारच्या वाडीत जावे. नमुना ६ नव्या नावासाठी, नमुना ८ दुरुस्ती, बदली व हरवलेल्या कार्डासाठी, एवढे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. बी.एल.ओ.चे नाव केंद्राच्या भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीत मिळते. फेरतपासणीच्या वेळी ग्रामसभेत यादीचे वाचन होते, त्यास बसावे. वाचली जाणारी नावे तर सर्वच ऐकतात. तुम्ही आपल्या वाडीतील घरे एका टोकापासून मनात मोजत बसा, आणि ज्या घराचे नाव आलेच नाही त्याची खूण कागदावर करा. लग्न होऊन नुकत्या आलेल्या सुना, भट्टीवर गेलेली कुटुंबे, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बहुधा त्यांत निघतील.